कोयत्यांची राखण

आमच्या खोपटात मागच्या भिंतीशी कोयत्यांचा ढीग, घामानं काळ्या पडलेल्या त्यांच्या मुठी, आणि साऱ्या घरात लोखंडाचा, करवंदीच्या चिकाचा वास… मी आठ वर्षांची असेन. मुळशीतल्या आमच्या डोंगराकडच्या वस्तीत कमरेला कोयता अडकवल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नसे. पण गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नव्हते, म्हणून तिथं जाऊन बसायचं ठरलं, तेव्हा आमच्या पुढारी गुरुजींनी एकच अट घातली — कोयते घरी राहतील. साऱ्या वस्तीचे आमच्याकडं ठेवले. राखणीला आई, आईच्या सोबतीला मी.

हे आज आठवायचं कारण माझी नात. शहराकडं जांब्याला राहते, कंपनीत कामाला आहे, शहाणी आहे. परवा गुरुजींच्या जयंतीहून घरी आलो, तर चहा पिता पिता म्हणते, "आजी, तुमच्या गुरुजींनी तुम्हाला नुसता मार खायला शिकवलं गं. कोयते होते ना? दाखवायला तरी न्यायचे!"

असा संताप झाला म्हणून सांगू! अगं, आमची घरं दहा-बारा. ज्यांच्या शेतात राबायचो, तेच काठ्या घेऊन समोर उभे. एक कोयता उगारला असता, तर फौजदारानं आम्हालाच बांधून नेलं असतं, आणि मागं वस्ती पेटली असती ती वेगळीच. गार हवेत खुर्चीवर बसून त्या दिवसाला भित्रा म्हणतेस? रागवायचंच तर याच्यासाठी रागव — पुढं कित्येक महिने आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही, तेव्हा चुलीवर काय ठेवायचं, हे गुरुजींनी सांगितलं नाही. तो राग माझ्याही पोटात आहे.

पण त्या दुपारचं ऐक, म्हटलं. बाबा विहिरीवरून धावत आले, कपाळ फुटलेलं.

"माझा कोयता दे. गुरुजीला आडवं केलंय त्यांनी!"

आई उंबऱ्यात बसली, दोन्ही हात चौकटीला लावून. "न्हाई देत."

"बाजूला सर म्हन्तो ना!"

"वस्ती जळली तर ही पोर कुटं जाईल? घ्यायचाच आसंल, तर माझ्या आंगावरनं जावा."

बाबांनी पाय उचलला… आणि खाली ठेवला. मग तिथंच मटकन बसून रडले. थोड्या वेळानं तोंड पुसून, रिकाम्या हातांनी, परत विहिरीवर जाऊन बसले. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ते पाणी भरलं.

नातीनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पण आज भाषणात पणजीचं नाव कुणीच घेतलं नाही."

गुरुजींच्या तसबिरीला हार घालतात, घालावाच. आईचा साधा फोटो कुणी काढला नाही. चेहरासुद्धा आता मला धड आठवत नाही — त्या दिवशी मी आत होते ना, ढिगापाशी. मला दिसत होती ती तिची पाठ.