तांबडा बैल

निजामाच्या राज्यात नांदेडच्या शाळेत घेण्याआधी हेडमास्तर तोंडी इम्तिहान घेत. मी देवणीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. माझा आतेभाऊ नांदेडातच वाढलेला, बैल दिसला की आत्याच्या पदराआड लपणारा. दोघं एकाच दिवशी गेलो.

हेडमास्तरांनी विचारलं, "देवणीचे सगळे बैल तांबडे असतात. माझा बैल देवणीचा आहे. त्याचा रंग कोणता?"

मी उसळून म्हणालो, "साहेब, तुम्हाला बाजारात फसवलंय. तांबडा बैल कंधारचा. देवणीच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असतात."

आतेभाऊ म्हणाला, "तांबडा."

तो पास, मी नापास!

"सवालात दिलंय तेवढंच खरं धरायचं असतं," हे मला वर्षभर त्यानंच शिकवलं, तेही ऐटीत. माझा नुसता जळफळाट व्हायचा. ज्याला बैलातलं काही कळत नव्हतं, तोच बैलाच्या सवालात हुशार ठरला होता.

पुढच्या साली तोच सवाल आला. मी मान खाली घालून "तांबडा" म्हणालो अन् पास झालो.

बापानं पेढे आणले. पहिला पेढा आतेभावाच्या हातावर ठेवून म्हणाला, "लई उपकार झाले बाबा. तुझ्यामुळं आमच्या येड्याला अक्कल आली."