बुटांत उभं राहायचं वय

बाय टीचर कुठल्याच मुलाचं वय विचारायची नाही. आईबाप मूल घेऊन आले की ती त्याला स्केटिंगच्या रिंकच्या कडेच्या पायरीवर बसवायची, समोर चाकांचे बूट ठेवायची आणि म्हणायची, "घाल, बाय." मुलगी असो की मुलगा, तिच्या तोंडी सगळ्यांना 'बाय', म्हणून ती बाय टीचर. मुलानं नाडी स्वतः बांधली तर प्रवेश. आई मध्येच वाकली की टीचर बूट उचलून घ्यायची. "पुढच्या वर्षी या. अजून वय नाही झालं." कुणी वाद घातला, शेजारची मुलगी तिसऱ्या वर्षीच शिकायला लागली म्हणून सांगितलं, तर ती म्हणायची, "पाय लवकर तयार होतात हो. 'नको' म्हणायला तोंड उशिरा तयार होतं."

ती शिकवायची ते फिगर स्केटिंग. उड्या, गिरक्या, एका पायावर मागे घसरत जाणं. सगळं चार चाकांच्या बुटांवर आणि सिमेंटवर. बर्फ आमच्या वसईत पाचूबंदरलाच, मासळीच्या पेट्यांत.

मला पप्पांनी नेलं तेव्हा मी चार वर्षांची होते. टीचरची परीक्षा त्यांना आधीच कळली होती. पंधरा दिवस ते ऑफिसातून आले की जेवणाच्या टेबलावर स्वतःचा बूट ठेवायचे आणि माझ्याकडून नाडी बांधून घ्यायचे. चुकलं की पुन्हा. रिंकवर मी दोन्ही बूट झटपट बांधले. टीचर माझ्या बोटांकडे बघतच नव्हती, पप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"पढवून आणलीय," ती म्हणाली.

पप्पा नुसते हसले. मग तिनं मला उभं करून एक पाय उचलायला लावला. मी उचलला आणि तशीच उभी राहिले, न डगमगता. टीचर आता माझ्या पायाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "उद्यापासून पाठवा."

त्यानंतर सहा वर्षं मी रोज शाळेच्या आधी रिंकवर होते. रविवारी, सुट्टीत, तापातून उठल्यावरसुद्धा. रिंकला चारी बाजूंनी जाळी होती आणि जाळीबाहेर पप्पा. गिरकी घेताना प्रत्येक फेरीला ते दिसायचे. चांगली झाली की मान हलायची, पडले की नाही हलायची. मैत्रिणींच्या वाढदिवसांना मी जायचे नाही, पाय मुरगळेल म्हणून. मला स्केटिंग आवडतं का, हे घरात कुणी विचारलं नाही, आणि ते विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं.

टीचर पडायला मात्र फार प्रेमानं शिकवायची. "आधी बूड टेकव, मग हात. मनगटावर भार नको, बाय." स्वतः खाली बसून दाखवायचं म्हटलं तर तिला खांबाचा आधार लागायचा. तिच्या वडिलांनी तिला अडीच वर्षांची असताना चाकांवर उभं केलं होतं. विशीच्या आत दोन्ही गुडघे गेले. चर्चमध्ये सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती एकटी बाकावर बसून राहते, असं तिच्या गावच्या, नंदाखालच्या मुली सांगायच्या. मी एकदा विचारलं, "टीचर, मग तुम्ही दुसरं काही का नाही केलं?" ती म्हणाली, "दुसरं काही येतच नाही. अडीच वर्षांची असताना त्या बुटांत शिरले, अजून बाहेर पडले नाही."

मी दहा वर्षांची झाले तेव्हा एका मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावाच्या मध्येच मी रिंकमागच्या संडासात शिरले आणि आतून कडी लावली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पप्पा दार वाजवत होते. मग त्यांचा आवाज लांब गेला आणि टीचरचा जवळ आला.

"नको उघडूस. एवढंच सांग, तुला आवडतं का हे?"

"पप्पांना आवडतं," मी आतून म्हणाले.

तिची पावलं लांब गेली. वरच्या झरोक्यातून मला तिचा आवाज ऐकू आला. "हिला घेऊन जा. हिच्यात काही नाही. मी सहा वर्षं बघतेय, हिचं काही होणार नाही."

"टीचर, उद्या स्पर्धा आहे!"

"म्हणूनच सांगते. फजिती होईल."

पप्पांनी मला घरी नेलं. बूट माळ्यावर गेले. मी सुटले होते, पण सुटल्यासारखं वाटत नव्हतं. 'हिच्यात काही नाही' हे वाक्य माझ्याबरोबर कॉलेजात आलं, नोकरीत आलं. शाबासकी मिळाली तरी वाटायचं, यांना अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी टीचरच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, म्हणून नंदाखालला गेले. ती ओटीवर पाय लांब करून बसली होती, समोर भावाची केळीची बाग. चहा झाल्यावर मी विचारलंच, "टीचर, खरंच माझ्यात काही नव्हतं?"

"होतं ना. म्हणून तर इतकी वर्षं सोडलं नाही तुला." ती बागेकडे बघत होती. "पहिल्याच दिवशी परत पाठवायला हवं होतं. बापाला नाही घाबरले मी. मला जन्मात एक तरी तशी मुलगी हवी होती, बाय. तू बापासाठी उभी राहतेस, हे सहा वर्षं मला दिसत होतं आणि मी गप्प बसले."

मला सोडवल्याबद्दल मी आभार मानायला गेले होते. ते मानले नाहीत, रागावलेही नाही. निघताना तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याच वर्षी नाताळच्या आधी ती गेली.

आता माझी मुलगी सहा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात सोसायटीच्या आवारात मुलं चाकांवर फिरताना तिनं बघितलं, आणि तेव्हापासून रोज विचारतेय, "मला कधी?" मी रोज 'बघू' म्हणते. हो म्हटलं तर मी जाळीबाहेर उभी राहीन, याची भीती वाटते. नाही म्हटलं, तरी तिचं मी ठरवलेलंच. टीचर असती तर मी तिलाच विचारलं असतं.

परवा मुलीनं विचारलं, "आई, तुला येतं का गं स्केटिंग?"

"नाही," मी म्हणाले.