मी घारापुरीचा झेंडा जिंकला

तुम्ही चहा संपवा आधी, मग सांगते. नाही तं मधातच ठसका लागेल अन् नाव माझं येईल. माझ्या एकटीमुळं समुद्रापलीकडचं एक लग्न मोडता मोडता राहिलं. खोटं नाही सांगून राहिली! जामसांवलीच्या मारोतीची शपथ!

आमच्या घरी टीव्ही आला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात बी.ए.ले होती. त्या वर्षी मुंबईच्या एका कॉलेजासंग विद्यार्थ्यांची अदलाबदल ठरली. आधी तिकडच्या मुलामुलींनी आमच्या घरी येऊन राहायचं, मग आम्ही त्यांच्या घरी. माझ्या वाट्याला सुलू आली. कोळीवाड्यातली, एकदम दिलदार पोरगी. दिवाळीनंतर आठवडाभर राहिली, संत्री खाऊन खाऊन तिचं तोंड आलं, सौंसरच्या अन् रामाकोन्याच्या साऱ्या नातेवाइकांनी तिले जेवू घातलं, अन् जाताना माझ्या आईच्या गळ्यात पडून रडली. एवढी गुणाची पाहुणी! अन् तिच्या बदल्यात त्यांच्या घरी कोण गेलं? मी.

गाडीत बसवताना सर म्हणाले, "पांढुर्ण्याचं नाव सांभाळजो बेटा."

पहिले दोन-तीन दिवस सांभाळलं जी मी. थोडंफार. आता आपल्याकडं रस्त्यात माणूस दिसला की आपण विचारतोच नं, "कुठं चालले?" नाही विचारलं तं तो घरी जाऊन सांगेल, पोरगी शिकली अन् मग्रूर झाली. मी मुंबईतही तेच सुरू केलं. बसस्टॉपवर एक काका उभे होते, हातात बॅग. म्हटलं, "कुठं चालले काका?" त्यांनी बॅग छातीशी धरली अन् तरातरा पुढच्या स्टॉपवर निघून गेले!

सुलूनं माझा दंड धरला. "अगो, इथं कोन कोनाला असं इचारत नाय!"

"काहून? कोणाले कुठं जायचंच नाही का?"

अन् समुद्र! आमची जाम नदी उन्हाळ्यात अशी आटते की पोरं तिच्यात क्रिकेट खेळतात. मी आपलं सहज सुलूच्या बाबांना विचारलं, "काका, हा कधी आटते?" साऱ्या कोळीवाड्यात ती गोष्ट झाली. बाया मासळी विकता विकता मले हाक मारून विचारायच्या, "काय गो, आटला का?" मीही हसायची. आपल्यामुळं कोणी हसलं तं आपलं काय जाते?

पण खरी गंमत रविवारी झाली. गंमत आता म्हणते. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

रविवारी सुलूच्या मोठ्या भावाचा, जनार्दनचा साखरपुडा होता. मुलगी घारापुरी बेटावरची, हिराबाई. लोक तिकडं तिकिटाच्या बोटीनं लेणी पाहाले जातात, मी घरच्या होडीनं वऱ्हाड घेऊन जाऊन राहिली होती! पण ही सोयरीक मोठ्या मुश्किलीनं जुळली होती. सुलूचे बाबा अन् हिराबाईचे मामा, दोघांचं कधी काळी जाळं कुठं लावायचं यावरून वाजलं होतं. दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाही. हिराबाईले वडील नव्हते, मामा म्हणतील तेच. इकडं जनार्दननं जेवण सोडलं, तिकडं तिनं सोडलं, तेव्हा कुठं दोघे म्हातारे नरमले.

होडी सुटताना काकांनी सगळ्यांना ताकीद दिली, "तिकडं कोनी वाकडा शब्द बोलायचा नाय. मामा लय तापट हाय. आज बिनसलं तर कायमचं बिनसलं."

मी मनात शपथ घेतली, आज तोंड उघडायचंच नाही. अन् नाहीच उघडलं. जे केलं ते हातानं केलं.

आता तुमच्यापैकी ज्यांना गोटमार माहीत नाही त्यांना सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधात पळसाचं झाड रोवतात अन् त्याले झेंडा बांधतात. अलीकडं आम्ही पांढुर्ण्याचे, पलीकडं सावरगावचे. दोन्हीकडून गोटे सुरू! गोट्यांच्या माऱ्यात घुसून आमच्या माणसानं तो झेंडा आणायचा, चंडीमातेच्या देवळात न्यायचा. म्हणतात, कधी काळी इकडच्या पोरानं तिकडची पोरगी नेली, तेव्हापासून हे चालू आहे. डोकी फुटतात, लय वाईट आहे, मी काही त्याची तारीफ करून नाही राहिली. पण लहानपणापासून छतावर उभी राहून ओरडलेली मी. बायांना कोण खाली उतरू देते? दरवर्षी वाटायचं, अरे, आपल्याला एक डाव तरी मिळावा!

तं झालं असं. बेट जवळ आलं. पाणी उथळ, काका होडी हळूहळू घेऊन राहिले होते. अन् अगदी हाताच्या अंतरावर, पाण्यातून वर आलेली एक काठी. काठीवर लाल झेंडा, फडफड फडफड! किनाऱ्यावर मुलीकडचे सारे जमलेले, सगळ्यात पुढं मामा, दोन्ही हात हलवून काही तरी ओरडून राहिले होते.

तुम्हीच विचार करा! पोरगा इकडचा, पोरगी तिकडची, मधात पाणी, पाण्यात काठी, काठीवर झेंडा. पांढुर्ण्याच्या माणसानं काय समजायचं?

मी जनार्दनकडं पाहिलं. नवरदेव नवी टोपी घालून आपला गुंगीत बसलेला! झेंडा बाजूनं चालला अन् याले पत्ताच नाही! मले वाटलं, गेली आपली इज्जत. उठली, एक पाय होडीच्या काठावर ठेवला, दोन्ही हातांनी काठी धरली अन् असा हिसडा मारला की काठीसकट झेंडा माझ्या हातात!

"चंडीमाता की जय!"

कोणी जय म्हणालं नाही.  किनाऱ्यावर असा गलका उठला अन् दहा-बारा गडी पाण्याकडं धावत सुटले.

मले तं सगळं पाठच होतं. मी ओरडली, "वाका! वाका! गोटे येऊन राहिले!" काकांची मान मी दाबली, सुलूले पाडलं, अन् जनार्दनचं डोकं धरून जे खाली घातलं ते थेट मुलीसाठी सजवलेल्या साखरेच्या ताटात.

गोटा एकही आला नाही.

मामा आले, गुडघाभर पाण्यात. "नाखवा! दोन वर्सांनी आयलास तो माझा बावटा उपटायला?"

"मामा, देवाशपथ, माझा हात नाय लागला!"

"मंग कोनाचा लागला?"

सगळ्या होडीनं माझ्याकडं पाहिलं. मी झेंडा उंच धरून उभी. अन् हसून राहिली होती, बाप्पा! वरून काय म्हणावं मी?

"घ्या मामा! आता पोरगी आमची!"

मामा मागं वळले ते थेट एका खडकावर जाऊन बसले. "साखरपुडा नाय. होडी फिरवा."

किनाऱ्यालगतच्या घराच्या दाराआडून हिराबाईचं रडणं ऐकू आलं. जनार्दनच्या साऱ्या तोंडाले साखर चिकटलेली, त्यातून त्याचे डोळे भरून आले. सुलूनं माझ्या कानात सांगितलं, "अगो बाय, त्या बावट्याखाली मामांचं जालं हाय. आता भरती आली. बावटा नाय तर जालं कसं सापडनार?"

 दोन जीवांचं आयुष्य अन् एक जाळं, दोन्ही मी एका हिसड्यात बुडवलं! मी होडीतून उतरून मामांपुढं गेली अन् रडत रडत सगळं सांगितलं. जाम नदी, पळसाचं झाड, गोटे, सगळं.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, "थांब. त्या पलीकडच्या गावात तुमचं कोन हाय?"

"माझी मावशी."

"आन तुमी तिला दगड मारता?"

"मावशीले काहून मारू? तिच्या पोराले मारतात, माझे भाऊ."

"आन मंग?"

"मग दुसऱ्या दिवशी तो डोक्याले पट्टी बांधून आमच्याकडं जेवाले येते."

एक म्हातारी फिसकन हसली. मग बाया, मग गडी. मामांनी लय दाबलं, पण त्यांच्या मिशा हलाले लागल्या. काकांना म्हणाले, "नाखवा, ही लोकं डोकी फोडून जेवायला बसतात. आन आपून साधं जाल्यावरून दोन वर्सं तोंड फिरवून बसलो!"

दोघे म्हातारे गळ्यात पडले. जाळं शोधाले दोघंच होडी घेऊन निघाले. मी म्हटलं, "मामा, मी जागा दाखवते नं!"

"तू बस!" दोघे एका आवाजात ओरडले.

जाळं सापडलं, उरलेल्या साखरेत साखरपुडाही झाला. लेणी मात्र माझी राहिली ती राहिलीच, कारण दिवसभर दोन दणकट बायांनी मले मधात दाबून बसवलं होतं.

पण एक काटा राहिला. निघताना काकांनी लग्नाच्या तारखेचं काढलं, तं मामा माझ्याकडं पाहून म्हणाले, "तारीख मंग. एका गोष्टीची खात्री झाल्याबिगर नाय."

झालं! मले घास जाईना. सुलूले विचारलं तं ती ओठ दाबून तोंड फिरवायची. मले वाटलं, माझ्या करणीनं हिराबाईचं लग्न लटकलं.

परतीच्या दिवशी स्टेशनवर पाहते तं काय! सारा कोळीवाडा मले सोडाले आलेला. अन् समुद्र ओलांडून खुद्द मामा! हातात सुकटीची पुडी. मले भरूनच आलं. एवढं नुकसान केलं तरी एवढी माया! मी वाकून पाया पडली. "मामा, माझी शिक्षा त्या दोघांना नका देऊ जी. लग्न मोडू नका."

मामांनी डोक्यावर हात ठेवला. "नाय मोडत पोरी. तू बस गाडीत. नीट बस."

शिटी झाली, गाडी हलली. मी खिडकीतून हात हलवत ओढणीनं डोळे पुसून राहिली होती, तेवढ्यात काकांचा आवाज आला.

"मामा, पाह्यलंव ना डोल्यांनी? गेली."

मामांनी कपाळावरचा घाम पुसला. "गेली रे बाबा. आता काढ तारीख."