दुप्पट वेगातला माझा तास

बाग सेवनिया वस्तीतल्या आमच्या घरी मी भाजी निवडत बसले होते आणि लेकीच्या खोलीतून माझाच आवाज येत होता, तोही दुप्पट वेगाने. माझं डोकंच फिरलं.

विजेची कामं घेणाऱ्या एका कंपनीत मी वर्षानुवर्षं नव्या मुलांना सुरक्षितता शिकवली. मग मला कॅमेऱ्यासमोर उभं करून माझी शिकवणी मोबाइलमध्ये भरली आणि वर्ग बंद केला. तेव्हापासून मला चैन नाही. वर्गात जो सगळ्यात जास्त मान डोलावतो, त्यालाच काही कळलेलं नसतं, आणि ते समोर बघूनच ओळखता येतं. कुणी चुकला की मी सगळ्यांसमोर ओरडायचे, "गेलास तू!" आणि तो तास संपेपर्यंत मेलेल्यांच्या बाकावर. व्हिडिओतून तो बाक काढून टाकला. म्हणे, मुलांचं मन दुखावतं.

लेक त्याच कंपनीत नुकतीच लागली होती. दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा विजेच्या लाइनवर कामाला जाणार होती.

"झालं, आई. टेस्टमध्ये फुल मार्क्स. अब टेन्शन मत लो."

"इकडे ये," मी म्हटलं. बाल्कनीतली कपड्यांची तार म्हणजे विजेची बंद तार, कठडा म्हणजे जमीन. दोरीच्या दोन्ही टोकांना चिमटे बांधून तिच्या हातात दिले. "बंद तारेलाही हात लावण्याआधी ती जमिनीशी जोडायची. जोड."

ती हसली. एक चिमटा झटकन तारेला लावला आणि दुसरा हातात धरून कठड्याकडे वळली. आधी जमीन, मग तार, हे मी घसा फोडून सांगत आले. तारेत चुकून वीज असती, तर ती तिच्या हातात उतरली असती.

लोकांच्या पोरांना सहज सुनावलेलं ते "गेलास तू" लेकीसाठी माझ्या तोंडून निघेना. "परत कर," एवढंच म्हणाले. अंधार पडेपर्यंत करून घेतलं. ती चिडली, रडलीसुद्धा, पण हात बसला.

सकाळी ती निघून गेली तरी मला राहवेना. ट्रेनिंगच्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, नव्या मुलांना आज लाइनवर पाठवू नका, आधी एक तास मला द्या.

"मॅडम, सब पास हैं, घबराती क्यों हैं?" ते हसले. "और गाड़ियाँ तो कब की निकल गईं."

त्या गाड्यांतल्या, माझी लेक सोडून, एकाही मुलाला मी कधी पाहिलेलं नव्हतं.