सुतकातली बुंदी

ताटावर तुम्ही हात आडवा धरलात की नानांना चेवच यायचा. बोटांच्या फटीतून बुंदी अशी सोडायचे की नेमकी ताटात पडायची. वर दम, "हात काढ भो, लाजू नको!"

नाना सोनगीरचे आचारी. धुळ्यापर्यंतच्या लग्नांत मंडप माझा आणि चूल त्यांची. आमचं पटायचं कमी, भांडणंच जास्त. "गोड नही ते पंगत कसानी?" हा त्यांचा कायदा. एका यजमानानं काटकसरीपायी गोड नको म्हटलं, तर नानांनी पदरचा गूळ घालून शिरा केला आणि त्यालाच आग्रह करकरून वाढला. आता अशा माणसाला काय म्हणणार?

लातूरकडे भूकंप झाला. गणपती बुडवून झोपलेली माणसं झोपेतच गाडली गेली. आम्ही गावातून पीठ, डाळ, पांघरुणं गोळा केली आणि ट्रक भरला. नानांनी साखर-बेसनही चढवलं. म्हणाले, "बिचारासले काहीतरी गोड खावाडूत." मी चक्क मान डोलावली.

तिथे उभं असं एकही घर नव्हतं. माझ्याकडे कापड होतं ते लग्नाचंच, लाल-पिवळ्या झालरीचं. तेच बांधून सावली केली. खरं तर लाज तिथंच वाटायला हवी होती. नाही वाटली. वरण-बट्टी शिजली, लोक मुकाट्यानं बसले आणि नाना बुंदीची बादली घेऊन निघाले. काही जण ताट मागे ओढत होते. नानांना वाटलं, परक्याच्या हातचं खायला बुजतात.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दोन्ही हात ताटावर धरले. नानांनी सवयीनं फट शोधली आणि बुंदी सोडली. "लाजू नको, दादा."

"लाज नाही ओ, काका. सुतक हाय," तो हळूच म्हणाला. "घरातले समदे गेले. मी एकटाच हाय."

अख्खी पंगत सुतकात बसली होती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं हो! जन्मभर मंगलकार्यं केलेल्या आम्हा दोघांना कळलं नाही.

नानांनी बादली खाली ठेवली. त्यांचा चेहरा बघून तो म्हाताराच ओशाळला.

"इतक्या लांबून आलाव तुमी. तुमचा मान कसा मोडू?" असं म्हणून त्यानं चिमूटभर बुंदी तोंडात टाकली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो चावत होता.

"नको रे दादा, थुकी टाक!" नानांनी त्याचा हात घट्ट धरला. "मना हात मोडो!"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं, आणि त्या गावात तसं म्हणायचीही सोय नव्हती.

परतीच्या वाटेवर नाना एवढंच बोलले, "मी मरसू तवय मना घर गोड करू नका."

त्यानंतर ते चुलीपाशीच बसायचे. पंगतीत वाढायला कधी आले नाहीत. काही वर्षांनी गेले. घरच्यांनी शब्द पाळला. उत्तरकार्याला नुसती डाळ-भाकर.

शेजारचा पाहुणा कुजबुजला, "आचारीना घर, आनि गोड नही?"

"गुपचूप जेव!" मी असा खेकसलो की तो बिचारा दचकलाच. मी ताट मागे सारू लागलो. तेवढ्यात नानांचा मुलगा भाकरी घेऊन समोर आला, आणि त्याला नको म्हणायचीही मला लाज वाटली.