टाकी घाटावर भरायची

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीत सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमचं पूर पथक मुठेच्या घाटावर होतं. प्रमुख फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. सकाळी सहाला फॉलइन, म्हणजे रांगेत हजेरी. इंजिनाची टाकी घाटावर उतरवून भरायची, बोटीत कधीच नाही. बॅटरीचे नट पान्याने आवळायचे. मग मी बोटीच्या तळाशी वाकून वास घ्यायचे, कारण पेट्रोलची वाफ जड असते, खाली बसते. वास आला तर तीनदा ओरडायचं. सगळे बोटीतून खाली, इंजिनाच्या बटणाला हात नाही.

उस्ताद म्हणायचे, "बाई, लाजायचं ते घरी. इथे घसा फाटला तरी चालेल."

पावसाळ्याआधीच्या मॉक ड्रिलची वेळ दहाची. नऊ चाळीसला वॉकीटॉकी वाजला. "पाहुणे लवकर येताहेत. इंजिन चालू ठेवा. ओव्हर."

उस्तादांना सलामीसाठी वर बोलावलं होतं. बोटीची पूजा झालेली, टाकीलाही झेंडूचा हार. हार निघायला नको म्हणून ड्रिल बघायला आलेल्या सरकारी निरीक्षकांनी टाकी बोटीतच भरायला लावली. पेट्रोल सांडलं. बॅटरीचे नट कोणीच पाहिले नाहीत.

मी वाकले. म्हटलं, "साहेब, वास आहे."

"अहो बाई, पेट्रोलच्या बोटीला काय मोगऱ्याचा वास येणार?"

सगळे हसले. मी मान खाली घातली. उस्ताद पायऱ्या उतरत होते, खालून दहाव्या पायरीवर होते. निरीक्षकांनी बटण दाबलं. सैल नटापाशी ठिणगी उडाली.

उस्तादांनी धावत येऊन बोटीत उडी घेतली. मला पाण्यात ढकललं, निरीक्षकांना घाटावर फेकलं आणि पेटती बोट वल्ह्याने गर्दीपासून दूर लोटली.

निरीक्षकांच्या भुवया जळाल्या. उस्ताद चौथ्या दिवशी गेले. अहवालात लिहिलं, तांत्रिक बिघाड. पेट्रोल काय स्वतःच्या पायाने बोटीत चढलं होतं? निरीक्षकांचा राग येतो. स्वतःचा जास्त येतो. मी एकदाच बोलले होते.

पथक मोडलं. आता मी मार्केट यार्डात कांदा निवडते. गेल्या आठवड्यात त्याच घाटावर नवं पथक दिसलं. टाकी बोटीत, टाकीत नरसाळं.

"वास आहे! वास आहे! वास आहे! उतरा!"

"काकू, कोण तुम्ही?"

"उस्तादांच्या पथकातली. टाकी खाली घ्या आधी."

पुटपुटत उतरले. टाकी घाटावर आली. मी पायऱ्या चढत गेले, मोजत. दहाव्या पायरीवर चहावाला उभा होता.

म्हणाला, "काय हो मावशी, केवढ्याने ओरडलात! इथपर्यंत आलं ऐकू."