न पाहता केलेली एकच सही

गणपतराव मिस्त्रींशी माझी ओळख झाली ती भांडणातून. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. मी पोटासाठी रत्नागिरीकडून पिंपरीला आलो होतो आणि एका नव्या चाळीत नळ जोडत होतो. रस्त्याने जाणारे एक गृहस्थ थांबले, माझा जोड त्यांनी बोटाने चाचपला आणि म्हणाले, "हात चांगला हाय तुझा. पर लायसन कुनाचं?" मी गुर्मीत म्हणालो, "पाणी आलं म्हणजे झालं. कागद हवा कशाला?" त्यावर ते तासभर माझ्याशी भांडले. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली कामाला लागलो.

घरातला नळ एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर न्यायचा तरी नळखात्याकडे अर्ज, नकाशा आणि परवानाधारक मिस्त्रीची सही लागते, हे मला त्यांनी शिकवले. आधी मिस्त्रीने उघड्या भिंतीत पाइप डोळ्यांनी पाहायचा, मग सही करायची, आणि गिलावा त्यानंतर. लोकांना ही नसती कटकट वाटे. गणपतराव चिंचवडच्या जुन्या शेतकरी घराण्यातले असल्यामुळे निम्मा गाव नात्याचा, पण नातेवाइकांनाही त्यांनी सूट दिली नाही. मात्र निघोज्याहून आलेल्या एका विधवा बाईंचा अर्ज नकाशावाचून परत आला, तेव्हा त्यांनी बाईंच्या ओट्यावर बसून नकाशा काढून दिला आणि अंगठा घेण्यापूर्वी सारा अर्ज दोनदा वाचून दाखवला. "काय लिवलंय ते कळल्याबिगर अंगठा देऊ नका, ताई," असे ते म्हणाले. ताईंनी दिलेला चहा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

आता ज्यासाठी मी गणपतरावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात पाने मागून घेतली ते लिहितो. गणपतरावांचा परवाना एक वर्ष रद्द झाला होता, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यावर गावात बरेच तोंडसुख घेतले गेले. खरी हकिगत अशी आहे.

एका निवृत्त गुरुजींच्या घरी मुलीचे लग्न होते आणि अंगणातला नळ स्वयंपाकघरात हवा होता. काम गणपतरावांच्या परवान्यावर होते, हात माझा होता. नवा रंग दिलेल्या भिंतीवर पाइप दिसू नये, असे गुरुजींच्या मनात होते. त्यांना खूश करण्यासाठी मी तो मोरीखालून नेला आणि लग्नघाईत फरशी बसवूनही टाकली. गणपतराव त्या दिवशी देहूला कामावर होते. परतल्यावर मी कागद पुढे केला. "समदं नीट हाय न्हवं?" एवढेच त्यांनी विचारले आणि माझ्यावरच्या विश्वासाने सही केली.

लग्नानंतर आठवड्याने, भाकरी खाताना, त्यांनी सहज विचारले, "गुरुजींचा पाइप कुठनं नेला?" मी सांगितले. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. आपल्याकडे नळाला पाणी दिवसातून दोनदाच येते. पाणी गेले की रिकामा पाइप जोडाच्या फटीतून बाहेरचे पाणी आत ओढतो, आणि बाहेर तर मोरीचा चिखल. त्या घरात तीन लहान मुले ते पाणी पीत होती.

उन्हातच आम्ही निघालो. गणपतरावांनी नळ बंद केला, फरशी स्वतः फोडली. एक जोड ओलसर झालेला होता. कोणी आजारी पडले नव्हते, हे आमचे नशीब. पाइप भिंतीवरून नेल्यावर गुरुजी म्हणाले, "आता मिटलं. कुणाला सांगू नका." गणपतराव तेथून थेट नळखात्याच्या कचेरीत गेले. मी विनवले, "कुणाला कळलंय कुठं?" "मला कळलंय की," ते म्हणाले. "तू गप ऱ्हा. सही माजी हाय."

माझा परवान्याचा अर्ज त्याच कचेरीत पडून होता. माझे नाव निघते तर तो कायमचा बाद झाला असता. त्यांनी ते काढले नाही. मी पायरीशी उभा राहिलो. त्यांचा हुकूम मला सोयीचा पडला, हे कबूल केलेच पाहिजे. त्यांचा परवाना गेला आणि दोन महिन्यांनी माझा आला.

ते वर्ष गणपतरावांनी माझ्या परवान्यावर काम केले. पहिल्याच घरी त्यांनी मालकासमोर मला हाक मारली, "या मिस्त्री, बघून घ्या, मग सही करा." मला मान वर करवेना. पण मी वाकून प्रत्येक जोड पाहिला, कारण मी पाहिल्याशिवाय ते कागद पुढे करीत नव्हते.

गणपतराव साठीचे झाले. त्यांच्यावरचा ठपका त्यांच्या हयातीतच पुसला जावा, म्हणून या लेखाची एक प्रत मी सहीनिशी नळखात्याला दिली आहे. हे वाचून ते संतापतील. माझा परवाना राहील की जाईल, मला ठाऊक नाही. गेला, तर मला पुन्हा त्यांच्याच हाताखाली उभे राहावे लागेल. तेव्हा त्यांचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे खणखणीत राहोत आणि त्यांना शंभर वर्षांचे आयुष्य लाभो, ही माझी प्रार्थना निव्वळ त्यांच्यासाठी नाही.